चाळीस पानांचं मत

चष्मेवाल्याला लोक दोन नावांनी ओळखायचे, आणि एका नावानं ओळखणाऱ्यांना दुसऱ्या नावाचा पत्ता नव्हता. सकाळी दहा ते संध्याकाळी सात तो चौकातला चष्मेवाला. डोळे तपासायचे, नंबर काढायचा, भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला तो व्हायचा भिंगवाला. या नावानं तो एक ई-पत्र लिहायचा. ते पाच-सहाशे लोकांना जायचं, आणि त्यात एकाच गोष्टीबद्दल मतं असायची: टेबलाभोवती बसून खेळायचे भूमिकांचे खेळ.

हे खेळ ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना थोडं सांगायला हवं. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी चोर, कुणी वैद्य, कुणी राणीच्या मुदपाकखान्यातून पळालेला स्वयंपाकी. सूत्रधार म्हणतो, "समोर कडा आहे, मागून लांडगे येताहेत, काय करता?" मग प्रत्येक जण आपल्या पात्राच्या वतीनं बोलतो, आणि त्याला ते जमलं की नाही हे बहुतेक वेळा फासे ठरवतात. गोष्ट आधी कुणालाच माहीत नसते. यासाठी जाडजूड पुस्तकं निघतात. त्यात नियम असतात, गोष्ट जिथे घडते त्या जगाचं वर्णन असतं, नकाशे असतात, आणि वर एक मुखपृष्ठ, ज्यावर बहुधा कुणीतरी तलवार उपसून उभा असतो.

भिंगवाल्याच्या हाती अशी पुस्तकं पडली की त्यांची सालं निघायची. नियम नीट बांधलेत का, जग उसनं आणलंय का, हे तो बारकाईनं बघायचा. मुखपृष्ठाची तर खास परीक्षा असायची. दुकानात अक्षरांचा तक्ता टांगायच्या खिळ्यावर तो पुस्तक अडकवायचा, सहा पावलं मागे जायचा आणि नाव वाचता येतंय का बघायचा. नाही आलं, तर पुढच्या महिन्यात त्या चित्रकाराची खैर नसे. त्याची वाक्यं लोक एकमेकांना पाठवायचे. हे त्याला कळायचं आणि आवडायचंही.

एक गोष्ट मात्र त्यानं कुणाला सांगितली नव्हती. गेली सहा वर्षं तो एकही खेळ खेळला नव्हता. पूर्वी त्याची चौकडी होती. एकाची बदली झाली, एकाला जुळी झाली, आणि तिसरा एका नियमावरून हमरीतुमरीवर आला आणि आपले फासे पिशवीत घालून जो गेला तो गेलाच. तेव्हापासून चष्मेवाला नुसता वाचत होता आणि लिहीत होता.

एका मंगळवारी दुपारी दुकानात पंचेचाळिशीच्या एक बाई आल्या. बस डेपोत वेळापत्रक आखायचं काम करायच्या. एकशे चाळीस गाड्या, त्यांचे चालक, कुणाची पाळी कुठल्या थांब्यावर संपते आणि तिथून पुढे गाडी कुणी न्यायची, हे सगळं त्यांच्या टेबलावर ठरायचं.

"चार वाजले की आकडे एकमेकांच्या अंगावर चढतात," त्या म्हणाल्या. "सात पंचवीसची गाडी सात पंचावन्नला लागते, आणि मग लोक मला शिव्या घालतात."

चष्मेवाल्यानं त्यांना खुर्चीत बसवलं, तपासायची जड फ्रेम नाकावर चढवली आणि एकेक भिंग सरकवायला सुरुवात केली. जवळचं किती वेळ बघावं लागतं हे विचारायची त्याची पद्धत होती.

"ऑफिसचं झालं. घरी वाचन, लिखाण?"

"पूर्वी लिहायचे. आता नाही."

"काय लिहायचात?"

"तुम्हाला हसू येईल. खेळ लिहिला होता एक. टेबलावर बसून खेळतात ना, सूत्रधार वगैरे असतो, तसला. 'धुक्यातली फेरी' नाव. स्वतःच छापला, दोनशे प्रती."

चष्मेवाल्याचा हात भिंगाच्या पेटीतच राहिला. बाईंना ते दिसलं नाही, त्यांच्या एका डोळ्यावर झाकण होतं आणि दुसऱ्यासमोर चुकीचा नंबर.

"मग सोडलंत का?" त्यानं विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्याला वाटलं, विचारायला नको होतं.

"कुणीतरी एक भिंगवाला आहे, तो मतं लिहितो. त्यानं लिहिलं, 'अडचणीत सापडलेल्यानं शेजाऱ्याला विचारायचं, हाच नियम असेल तर पुस्तक कशाला, शेजारीच पुरे.' मला पाठ झालंय ते. हसूही आलं होतं, खोटं कशाला बोलू. पुढे होतं, 'ड्रॅगन नाही, फासे नाहीत, आहे काय, तर बस. आणि मुखपृष्ठावर राखाडी रंगात राखाडी अक्षरं, जणू पुस्तकालाच आपलं नाव सांगायची लाज वाटते.' त्यानंतर माझ्या हातून ओळ उतरली नाही. दुसऱ्या भागाचे कागद बांधून माळ्यावर टाकले." त्यांनी समोरच्या तक्त्याकडे पाहिलं. "असो. आता बरं दिसतंय."

"हे बरं, की हे?" चष्मेवाल्यानं भिंग फिरवून विचारलं.

"पहिलं."

नंबर लिहिताना त्यानं डाव्या डोळ्याचा उजव्याला लिहिला आणि खोडून पुन्हा लिहावा लागला. बावीस वर्षांत असं दोनदा झालं असेल. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी चष्मा तयार असेल म्हणून त्यानं सांगितलं. बाई गेल्या. सांगायची संधी समोर बसली होती, चांगली वीस मिनिटं, आणि त्यानं तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

दुकानाच्या मागच्या खोलीत त्याची पुस्तकं होती. 'धुक्यातली फेरी' शोधायला वेळ लागला नाही, इतर पुस्तकांपुढे ते वहीएवढंच होतं. एकशे बारा पानं. चाळिसाव्या पानापर्यंत समासात पेन्सिलीनं त्याचे शेरे होते, एकाहून एक झणझणीत. पुढे समास कोरे. सत्तावन्न आणि एकोणसाठ ही पानं तर वरच्या कडेला अजून चिकटलेलीच होती, छापखान्यात कापायची राहून गेलेली. ती कुणी उघडलीच नव्हती. म्हणजे त्यानं उघडली नव्हती.

तो स्टुलावर बसला. त्या महिन्यात त्याच्याकडे सात पुस्तकं आली होती, हे त्याला आठवलं. तारीख जवळ आली होती. चाळीस पानांत काय ते कळलं, असं त्याला वाटलं होतं, आणि शेजाऱ्याचं वाक्य सुचल्यावर तर पुढे वाचायची गरजच उरली नव्हती. वाक्य फार छान जमलं होतं.

त्यानं ब्लेडनं पानं कापली. आत नेमका खेळाचा नमुना दिलेला होता, चार जण कसे बोलतात, नियम कुठे लागतो, ते सगळं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि तरी त्याला ठरवता येईना की नियम बरा आहे की वाईट.

घरी जेवताना त्यानं बायकोला सांगून टाकलं. बायको रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत होती. तिनं घास हातातच ठेवला.

"तू न वाचता लिहिलंस?"

"चाळीस पानं वाचली होती."

"एकशे बारापैकी."

"हो."

"आमच्याकडे कुणी नमुना न तपासता रिपोर्ट दिला ना, तर दुसऱ्या दिवशी तो घरी बसतो." मग त्याचा पडलेला चेहरा बघून ती जरा निवळली. "आता काय करणार आहेस?"

"खेळून बघायला हवं. पण माणसं कुठून आणू?"

"मी आहे. वरचा प्लंबर रविवारी मोकळाच असतो, त्याला गप्पा मारायला कुणीतरी हवंच असतं."

"तरी एक कमी पडतंय."

"मी काय मेले आहे का?" सोफ्यावरून आवाज आला.

त्या सासूबाई. चष्मेवाल्याच्या सासूबाई तीन वर्षांपासून त्यांच्याकडे राहत होत्या. उभं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेलं, एकाचा आवाज दुसऱ्याशी जोडून देण्यात. कान अजून असे तिखट की शेजारच्या घरात कोण कुणावर रुसलंय ते भिंतीतून कळायचं. कुणाकडून ग्लासभर पाणी मागून घेतील तर शपथ.

"आई, तुम्हाला कंटाळा येईल," चष्मेवाला म्हणाला.

"जावईबापू, कंटाळा मला टीव्हीचा आलाय. मला घ्या."

रविवारी दुपारी तीनला चौघं टेबलाशी बसले. खेळाचं जग असं होतं: एक दरी, जिथलं धुकं कधीच विरत नाही. दरीत अकरा वस्त्या, आणि त्यांना जोडणारी एकच बस. एका वस्तीला दुसरीत काय चाललंय ते बसमधून जे येतं त्यावरूनच कळतं: पत्रं, औषधं, निरोप, भांडणं. खेळणारे म्हणजे या बसमधली माणसं.

"मी कंडक्टर," प्लंबर म्हणाला. "रोज मोऱ्यांमध्ये डोकं घालतो, रविवारी तरी माणसांत वावरू द्या."

बायकोनं चुकीच्या बसमध्ये चढलेली बाई घेतली. सासूबाईंनी विचारायच्या आत सांगून टाकलं, "गाडी मी चालवणार."

प्रत्येकाला पाच बटणं मिळाली. सूत्रधार चष्मेवाला होता, त्यानं नियम वाचून दाखवला. या खेळात फासे नाहीत. पात्र अडचणीत आलं, समोर काय आहे ते कळेनासं झालं, की त्या खेळाडूनं टेबलावरच्या दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं, "तुला काय दिसतंय?" तो जे सांगेल ते त्या जगात खरं. विचारणाऱ्यानं त्याला एक बटण द्यायचं. बटणं संपली की विचारता येत नाही. मग कुणी तुम्हाला विचारेपर्यंत थांबायचं.

पहिल्या अर्ध्या तासातच चष्मेवाल्याच्या लक्षात आलं की आपलं ते छान वाक्य साफ चुकलंय. चुकीच्या बसमध्ये चढलेल्या बाईनं पुलापाशी कंडक्टरला विचारलं, "तुला काय दिसतंय?" प्लंबरनं डोळे बारीक केले. "पूल आहे. मधल्या दोन फळ्या गायब आहेत. आणि पलीकडे कुणीतरी बसलंय, त्याच्या मांडीवर त्या दोन फळ्या आहेत." बायको त्याच्याकडे बघतच राहिली. शेजारी गोड बोलेलच असं नव्हतं. त्याला गोष्ट रंगवायची असेल तर तो तुम्हाला खड्ड्यात घालायचा, आणि मग त्याच्यावर वेळ आली की तुम्ही व्याज लावून परतफेड करायची. कुणाला विचारायचं, केव्हा विचारायचं, कुणाकडची बटणं संपवायची, यातच सगळा डाव होता. पाचव्या थांब्याला पोचेपर्यंत प्लंबर उभा राहून बोलत होता आणि चहा गार झाला होता.

फक्त सासूबाईंच्या समोरची पाच बटणं जिथल्या तिथे होती. गाडी त्या चालवत होत्या झकास. वळणं सांगायच्या, प्रवाशांना दरडावायच्या, हॉर्न तर तोंडानं असा वाजवायच्या की खालून कुणीतरी वर बघायचं. पण विचारायची वेळ आली की, "मी बघते माझं," म्हणून गाडी दामटायच्या. तिसऱ्यांदा गाडी दगडावर आपटली.

"आजी, विचारा की कुणाला तरी," प्लंबर म्हणाला. "नियमच आहे तो. फुकट आपटताय."

"ड्रायव्हरनं रस्ता विचारायचा? लाज नाही वाटणार?"

"धुकं आहे आई," बायको म्हणाली. "सगळ्यांनाच दिसत नाहीये. त्यात लाज कसली?"

सासूबाईंनी बोटांनी एक बटण इकडून तिकडे सरकवलं. मग ते लेकीपुढे ठेवलं आणि एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "तुला काय दिसतंय?"

"सरळ रस्ता आहे. दोन्ही बाजूंना पांढरे दगड, एका रेषेत. एकदम सरळ."

"मला ते वाकडे दिसतात."

"आई, मी सांगितलं ते खरं धरायचं असतं."

"दगड नाही गं." त्यांनी भिंतीकडे हात केला. "ती दाराची चौकट. मधोमध वाकते. पुस्तकातली ओळ पण वाकते, आणि मधलं अक्षर गायबच होतं. डाव्या डोळ्याला. दिवाळखोर झालाय तो डोळा, म्हटलं चालवू एकावर."

प्लंबर हसायला लागला आणि अर्ध्यात थांबला. चष्मेवाल्यानं पुस्तक मिटलं.

"कधीपासून?"

"महिना झाला असेल."

"आई, मी तुम्हाला रोज विचारतो."

"तुम्ही रोज विचारता, चष्मा बरा आहे ना. चष्मा बराच आहे." त्यांनी मान वर केली. "आणि उगाच कशाला तुमच्या मागे लचांड? वय झालं, दिसत नाही, त्यात सांगायचं काय?"

त्यानं वाद घातला नाही. गाडी पाचव्या थांब्यावर तशीच सोडून चौघं खाली उतरले. घराखालचं दुकान रविवारचं बंद होतं, ते त्यानं उघडलं, सासूबाईंना खुर्चीत बसवलं आणि चौकटी आखलेला एक कागद त्यांच्या पुढे धरला, मध्ये एक ठिपका असलेला. उजवा डोळा झाकायला सांगितला. "ठिपक्याकडे बघा, आणि रेषा कुठे वाकतात ते बोटानं दाखवा." सासूबाईंचं बोट ठिपक्याभोवती फिरलं आणि एका जागी थबकलं. "इथे तर भोकच आहे," त्या म्हणाल्या.

हे चष्म्यानं सुटणारं नव्हतं, हे त्याला त्याच क्षणी कळलं. त्यानं तिथूनच ओळखीच्या नेत्रतज्ज्ञांना फोन लावला. सोमवारी सकाळी साडेआठला बायको आईला घेऊन दवाखान्यात हजर होती. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला आणि पडद्यामागे झिरपलेलं पाणी दाखवलं. डोळा बधिर करून आत इंजेक्शन द्यावं लागेल, महिन्यातून एकदा, पुढचे काही महिने.

"गेलेलं सगळं परत येईलच असं सांगत नाही," त्या म्हणाल्या. "पण वेळेत आलात. अजून दोन-तीन महिने गेले असते, तर मी फक्त सांत्वन करू शकले असते."

पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी झालं. डोळ्यावर पट्टी लावून सासूबाई घरी आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "डोळ्यात सुई घातली हो, पण कळलंसुद्धा नाही. रविवारी गाडी पुढे न्यायची आहे ना?" चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला. पण मनातून एक गोष्ट जाईना. बावीस वर्षं तो लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बसला होता, आणि स्वतःच्या घरातला डोळा त्यानं बघितला नव्हता. का, तर चष्मा आपणच केलेला होता आणि तो बरोबर होता, एवढं त्याला पुरलं होतं.

शुक्रवारी वेळापत्रकवाल्या बाई चष्मा न्यायला आल्या. त्यानं तो त्यांच्या नाकावर बसवला, कानामागची दांडी जरा गरम करून वाकवली, वाचायला कागद दिला. सगळं ठीक होतं. मग तो काउंटरच्या मागून बाहेर येऊन समोरच्या स्टुलावर बसला.

"ताई, भिंगवाला मी आहे."

बाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी नवा चष्मा काढून हातात धरला.

"मी चाळीस पानं वाचून लिहिलं होतं," तो म्हणाला. "खेळलोही नव्हतो. गेल्या रविवारी खेळलो. शेजाऱ्याचं जे लिहिलं ते सपशेल चुकीचं होतं. आणि त्या नियमामुळे आमच्या घरात..." मग त्यानं सासूबाईंचं सगळं सांगितलं.

बाईंनी ऐकून घेतलं.

"त्या मंगळवारी का नाही बोललात?"

"धीर झाला नाही."

"मला वाटायचं तो माणूस लांब कुठेतरी राहतो. खूप मोठा कुणीतरी. अडीच वर्षं मी त्याच्याशी मनात भांडतेय." त्यांनी चष्मा डबीत ठेवला. "आणि तो डेपोपासून दोन थांब्यांच्या अंतरावर चष्मे विकतो."

"माफी मागतो मी."

"मागा. पण मी आत्ताच देणार नाही," त्या म्हणाल्या, आणि निघून गेल्या. दार मात्र त्यांनी हळूच लावलं.

पहिल्या तारखेला भिंगवाल्याचं पत्र गेलं. त्यात एकाच पुस्तकाबद्दल लिहिलं होतं. आधी त्यानं आपलं जुनं मत जसंच्या तसं छापलं, मग लिहिलं की हे चाळीस पानं वाचून लिहिलेलं आहे आणि उरलेली बहात्तर मी उघडलीही नव्हती. सहा वर्षं आपण खेळलेलो नाही हेही लिहिलं. मग त्या रविवारचा खेळ सांगितला, दोन फळ्या मांडीवर घेऊन बसलेल्या माणसासकट. सासूबाईंच्या डोळ्याचं त्यांना विचारून लिहिलं. "लिहा," त्या म्हणाल्या, "पण मी गाडी चांगली चालवत होते हे पण लिहा." शेवटी त्यानं लिहिलं की यापुढे जो खेळ खेळलो नाही त्याच्यावर मत देणार नाही, मग महिन्याला एकच होईना का.

सत्तर-ऐंशी लोकांनी पत्र घेणं बंद केलं. एकानं लिहिलं की तुझ्याकडे आम्ही मजेसाठी येत होतो, प्रवचनासाठी नाही. ते त्याला लागलं, पण झोप उडाली नाही. आणि एक पत्र त्या चौकडीतल्या तिसऱ्याचं आलं, फासे घेऊन गेलेल्याचं. दोनच ओळी होत्या. 'सहा वर्षं खेळला नाहीस हे वाचून बरं वाटलं नाही. माझे फासे अजून त्याच पिशवीत आहेत.' चष्मेवाल्यानं त्याला लगेच फोन केला, आणि पहिली दहा मिनिटं दोघं त्या जुन्या नियमावरून पुन्हा भांडले. मग पुढच्या महिन्यात भेटायचं ठरलं.

पंधरा दिवसांनी वेळापत्रकवाल्या बाई दुकानात आल्या. काखेत सुतळीनं बांधलेला गठ्ठा होता, त्यावरची धूळ नुकतीच पुसलेली.

"तुमचं पत्र वाचलं," त्या म्हणाल्या. "त्यानंतर माझ्याकडे उरलेल्या प्रती संपल्या. लोक विचारताहेत, दुसरा भाग कधी. मी काय सांगू?"

"हा तोच का?"

"हा तोच. पण देण्याआधी एक विचारते. पहिल्यात चूक काहीच नव्हती, असं लिहिलंत तर मी हे परत माळ्यावर टाकेन. कीव नकोय मला."

"चूक आहे की," चष्मेवाला म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा खुलला. "चौथं प्रकरण. अकरा वस्त्या, आणि प्रत्येकीची तीन-तीन पानं माहिती. सूत्रधारानं ती कधी वाचायची? माझी दमछाक झाली. लोकच जर जग सांगणार आहेत, तर तुम्ही आधीच सगळं सांगून का ठेवलंय? वस्तीला चार ओळी द्या. नाव, एक वास, एक भांडण, आणि बसची वाट कोण बघतंय ते."

बाई खुर्चीत बसल्या. "वेळापत्रकाची सवय आहे ती. रिकामा रकाना बघवत नाही मला."

"आणि मुखपृष्ठ."

"त्याबद्दल अजून तेच मत आहे?"

"अगदी तेच. ते धंद्यातलं मत आहे, ते चाळीस पानांवर अवलंबून नाही. राखाडीवर राखाडी. सहा पावलांवरून नाव वाचता येत नाही."

"धुकं आहे ते," बाई जरा तडकून म्हणाल्या. "धुक्यात पाटी अशीच दिसते. जवळ गेल्याशिवाय वाचता येत नाही. मुद्दाम केलंय."

"दुकानात पुस्तक घेणारा जवळ जाईल कशाला? त्याला मुळात कळलं पाहिजे की तिथे पाटी आहे."

दोघांची चांगलीच जुंपली. तेवढ्यात चष्मा दुरुस्तीला आलेले एक गृहस्थ दाराशी ताटकळले, आणि दहा मिनिटं ऐकून म्हणाले, "बसचे दिवे पिवळे करा ना, धुक्यात तेच दिसतात आधी." चष्मेवाला आणि बाई दोघंही त्यांच्याकडे बघत राहिले. बाईंनी पिशवीतून पेन्सिल काढली आणि गठ्ठ्यावरच्या कोऱ्या कागदावर धुक्यातले दोन गोल काढले, आणि त्यांच्यामध्ये, बसच्या काचेवरच्या पाटीत, खेळाचं नाव. चष्मेवाल्यानं कागद खिळ्याला अडकवला. सहा पावलं मागे जायला जागा करून देण्यासाठी गृहस्थ बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले. नाव वाचता येत होतं.

"माफीचं मी अजून ठरवलेलं नाही," जाताना बाई म्हणाल्या.

"काही घाई नाही. रविवारी या. तीनला."

त्या आल्या. टेबलाशी एक खुर्ची वाढवली होती. सासूबाईंचं दुसरं इंजेक्शन होऊन आठवडा झाला होता. चौकट अजून थोडी वाकते, त्या म्हणत होत्या, पण मधलं भोक बुजत आलंय. चष्मेवाल्यानं त्यांच्या पात्राचा कागद मोठ्या अक्षरांत, काळ्या शाईनं लिहिला होता, आणि त्यांनी तो कुरकुर न करता घेतला होता.

"तुम्हीच का या लिहिणाऱ्या?" सासूबाईंनी बाईंना विचारलं. "बरं लिहिलंय. पण तुमच्या गाडीला आरसा नाही. मागचं ड्रायव्हरनं बघायचं कसं?"

"ते सुटलंच," बाई म्हणाल्या.

"आणि नवव्या थांब्यावर मुतारी नाही," प्लंबर म्हणाला. "मी सगळी यादी वाचली. अकरा वस्त्या, एक बस, सहा तासांचा रस्ता, आणि मुतारी एकच. हे जग चालायचं नाही, ताई. मी धंद्यानं सांगतोय."

बायको हसत सुटली. चष्मेवाल्यानं दुसऱ्या भागाचे कागद पुढे ओढले आणि बटणं वाटायला घेतली. वेळापत्रकवाल्या बाईंनी आजवर हा खेळ नेहमी सूत्रधार होऊनच खेळला होता. आज पहिल्यांदा त्यांच्या समोर पाच बटणं आली. त्यांनी ती एका ओळीत लावली, मग विस्कटली, आणि पिशवीतून वही काढली.

"एक मिनिट थांबा," त्या म्हणाल्या. "आरसा आणि मुतारी लिहून घेते."